येबलीस्काटचा पुकारा

परदेशी बंदुकांची नावे शुद्ध कशी उच्चारावीत, या विषयावर मी सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात जळगावला व्याख्यान दिले. तिथे नव्याने निघालेल्या एका नेमबाजी मंडळाचे उद्घाटन होते. भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडून वैदिक स्वर किंवा ज्ञानेश्वरकालीन मराठीची अपेक्षा धरणारे लोक मला भेटले होते; काडतुसांच्या वासात उच्चारशास्त्र मागणारे हे पहिलेच. मंडळात केळीचे बागाईतदार होते, सरकीचे व्यापारी होते, दोन डॉक्टर होते. प्रत्येकाच्या घरी निदान एक बंदूक होती आणि तिच्यावर कोरलेले नाव पाहुण्यांसमोर घेताना जीभ अडखळते, ही त्यांची व्यथा होती. त्या वर्षी जिल्ह्यातल्या निम्म्या विहिरींना पाणी नव्हते. व्यथा निवडण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो.

मी माझे काम चोख केले. ‘मावजर’ नव्हे, माउझर. स्वराआधीचा एस जर्मन माणूस झ असा म्हणतो. त्याच न्यायाने ‘सॉअर’ नव्हे, झाउअर. ‘वाल्थर’मधला एच नुसता शोभेचा, म्हणून वाल्टर. स्पेनमधली बंदूक ‘सारास्क्वेटा’ नसून सारास्केता. ‘बेरेटा’तला ट आपल्या टाळूवरचा नाही, इटालियन माणूस जिभेचे टोक दातांना लावतो आणि क्षणभर थांबतो: बेरेत्ता. मग मी सांगितले तसे सगळे सभागृह एका सुरात ‘बेरेत्ता, बेरेत्ता’ म्हणू लागले. इतकी शिस्त मला माझ्या वर्गात कधी लाभली नाही.

आभार मानायला उठले ते धुळ्याचे नामांकित फौजदारी वकील रुपचंदभाऊ. ते म्हणाले, “आज सोनवणे सरांनी आम्हाला बोलायला शिकवलं. माणसाची लायकी त्याच्या उच्चारावरून कळते.” टाळ्या पडल्या. नाव ज्याचे आहे त्याने उच्चारले तसे आपण उच्चारावे, हा मी साधा सभ्यतेचा भाग मानतो आणि आजही मानतो. त्या सभ्यतेतून लायकी मोजण्याचे माप कोणी काढील, हे मला त्या दिवशी ऐकू आले होते; दिसले पुढच्या पावसाळ्यात.

त्या पावसाळ्यात रुपचंदभाऊ धुळ्याला माझ्या घरी आले. मिठाईचा पुडा घेऊन आले होते आणि मोठ्या खुशीत होते.

“सर, एक साक्ष द्यायची आहे. तुमचं काम पाच मिनिटांचं. पण आधी गंमत ऐका.”

गंमत अशी. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी मोतीलाल आबा नावाचे बडे शेतकरी. त्यांच्या नातवाच्या लग्नात परण्या निघाला होता. परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या पारापर्यंतची मिरवणूक. आमच्याकडच्या बड्या घरांतून परण्यात बंदुकीचे बार काढतात. आबांचा मुलगा गिरधर दारू प्यालेला होता, असे बॅन्डवाल्यांचे म्हणणे. पहिलाच बार आभाळाऐवजी समोर गेला. बॅन्डमधला क्लॅरनेट वाजवणारा चिंधा याच्या उजव्या हातात छर्रे घुसले आणि दोन बोटे काढावी लागली. क्लॅरनेट दोन्ही हातांच्या बोटांनी वाजते, हे वाचकांना सांगायला नको. चिंधाने फिर्यादीत गिरधरचे नाव घातले, म्हणून गिरधर आरोपी झाला. बचावाचे, म्हणजे रुपचंदभाऊंचे, म्हणणे असे की बार घरचा राखणदार उखर्डू याच्या हातून निघाला. उखर्डूचे घर आबांच्या मळ्यात होते, त्यामुळे तो हे म्हणणार यात नवल नव्हते. पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणालाही, “बार मनाच हातथीन निंघना, सायेब.”

“आता चिंधाची उलटतपासणी ऐका,” रुपचंदभाऊ खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “मी विचारलं, बंदूक कोणती होती? म्हणतो, येबलीस्काट! मी म्हटलं, पुन्हा सांग, साहेबांना ऐकू आलं नाही. येबलीस्काट. मी म्हटलं, ही काय भाजी आहे की भाकरी? अख्खं कोर्ट हसलं, सर. शिपाईसुद्धा. मग मी लायसेन्स दाखवलं. वेब्ली अँड स्कॉट! तुमच्या व्याख्यानात होतं तसंच म्हणालो बरं का. म्हटलं, ज्या बंदुकीचं नाव तुला घेता येत नाही, ती तू ओळखलीस कशी? चालवली कोणी ते पाहिलंस कसं?”

“तो काय म्हणाला?”

“काहीतरी पुकारा-पुकारा करत होता. मी म्हटलं, विचारलं तेवढंच सांग. गप्प झाला.” त्यांनी पुड्यातली बर्फी स्वतःच उचलली. “आता तुम्ही एवढंच सांगायचं की येबलीस्काट असं नाव जगात कुठल्याही बंदुकीचं नाही. तज्ज्ञ म्हणून. तुमच्यासारख्या शुद्ध बोलणाऱ्या घरातल्या माणसाने सांगितलं म्हणजे न्यायाधीशांवर छाप पडते. ते कोकणातले आहेत, शुद्ध बोलण्याची त्यांना कदर आहे.”

शुद्ध बोलणाऱ्या घरातला माणूस. मी वहाणा आवरून ठेवलेल्या माझ्या ओसरीकडे पाहिले, पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिले आणि रुपचंदभाऊंचे अनुमान कसे सिद्ध झाले असेल ते क्रमाने मांडून पाहिले. जर्मन येते, संस्कृत येते, ‘ण’ आणि ‘न’ यांचा घोळ होत नाही. म्हणजे घर कोणते हे ठरलेच. सोनवणे हे आडनाव खान्देशात इतक्या जातींत सापडते की त्याचा अडथळा होत नाही. एवढा मुरलेला वकील, पण पुरावा न मागता निकाल देऊन मोकळा झाला होता.

“येईन,” मी म्हणालो. “मला विचाराल त्याचं खरं उत्तर देईन.”

“बस, तेवढंच हवं!” ते म्हणाले.

मी त्यांना मिठाईचा पुडा परत दिला. गोड खात नाही, असे सांगितले. खातो.

तारखेच्या दिवशी धुळ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात चिंधा भिंतीला टेकून बसला होता. अंगावर बॅन्डचाच लाल कोट. दुसरा कोट नसावा. उजवा हात खिशात. त्याची बायको शेवंताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुमीच का ते सायेब? बंदुकास्ना नाव शिकाडनारा?”

“हो, मीच.”

“मंग आमले बी शिकाडा ना. मना घरवालानी जीभ सरळ व्हयनी म्हंजे बोटं उगतीन का?”

“शेवंते, गप ऱ्हाय,” चिंधा म्हणाला.

“कसाले गप ऱ्हाऊ? त्या दिन बठ्ठा हासनात, तव्हय तू गप. आते मी बी गप?”

मी चिंधाजवळ उकिडवा बसलो. विचारले, “तुम्हाला या खटल्यातून काय पाहिजे?”

त्याने मला नीट न्याहाळले. मी कोणाच्या बाजूने आलो आहे हे त्याला ठाऊक होते, तरी उत्तर दिले. “बोटं तं ऱ्हायनी नहीत. पन ज्यानी तोडी, त्यानं नाव कागदवर येवाले पाहिजे. उखर्डूनं नही. उखर्डू गरीब मानूस शे, त्यानं काय करं? उद्या मना पोऱ्या इचारी, बा, तुना हात कोनी तोडा, तं मी काय खोटं नाव सांगू?”

शिपायाने माझे नाव पुकारले.

रुपचंदभाऊंनी माझ्या पदव्या वाचून दाखवल्या. माझ्या पदव्यांचा इतका सन्मान माझ्या संस्थेनेही केला नव्हता. मग प्रश्न आला.

“या इंग्लिश कंपनीचं नाव कसं उच्चारतात?”

“वेब्ली अँड स्कॉट.”

“आणि ‘येबलीस्काट’ असा उच्चार बरोबर की चूक?”

“इंग्लंडमध्ये कोणी तसं म्हणणार नाही.”

“म्हणजे चूक!” ते न्यायाधीशांकडे वळले. “ज्याला नाव घेता येत नाही, त्याला वस्तू ओळखता येईल का, याबद्दल तज्ज्ञ म्हणून आपलं मत?”

“तेही सांगतो. माझ्या जळगावच्या व्याख्यानाच्या सकाळपर्यंत आपण ‘मावजर’ म्हणत होता. संध्याकाळी ‘माउझर’ म्हणू लागलात. मधल्या काळात आपल्या घरची बंदूक आपल्याला ओळखू येत नव्हती, असं मला वाटत नाही.”

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसले. रुपचंदभाऊंनी घाईघाईने, “एवढंच,” असे म्हणून आपली जागा घेतली. सरकारी वकिलांना काही विचारायचे नव्हते. ते दुसऱ्याच खटल्याचे कागद चाळत होते. पिंजऱ्यातून उतरता उतरता मी म्हणालो, “साहेब, एक दुरुस्ती. हा शब्द येबलीस्काट असा सपाट म्हणत नाहीत. तो असा म्हणतात,” आणि मी म्हणून दाखवला. ‘ये’ लांब ताणून, ‘ली’वर आवाज चढवत, ‘स्काट’ टाळीसारखे तोडून. कोर्टाच्या छतावरची कबुतरे उडाली.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. “हे तुम्ही कुठे ऐकलंत?”

“शिंदखेडा तालुक्यात, साहेब. माझे वडील बॅन्डमध्ये मोठा ढोल वाजवत. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं बॅन्डमध्येच होती.”

रुपचंदभाऊंच्या चेहऱ्यावर जे घडले ते मी सावकाश पाहून घेतले. मोजणीत चूक निघाल्यावर तलाठी जसा जमिनीकडे पाहतो, तसे ते माझ्याकडे पाहत होते. कपाळ, नाक, कोट, बूट. सगळे पुन्हा तपासून घेत होते. माझे उच्चार तर जागच्या जागी होते. घरच तेवढे खाली सरकले होते.

“पुढे सांगा,” न्यायाधीश म्हणाले.

मी सांगितले. परण्यात बड्या घरचे बार निघतात, ते पुकाऱ्यावर. पुकारणारा आधी बंदुकीचे नाव घेतो, मग ज्याची बंदूक त्याचे नाव. पुकारा कानावर पडला की बॅन्डने हातातली चाल तिथल्या तिथे तोडायची, बार होईपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे आणि बार होताच वाद्ये एकदम उचलायची. जो चुकेल त्याला सगळ्यांसमोर शिव्या बसतात. त्यामुळे कोणत्या गावात कोणती बंदूक कोणाची, हे बॅन्डवाल्याला नवरदेवाच्या नावाआधी पाठ असते. ते नाव त्याने कंपनीच्या कागदावर वाचलेले नसते. ते आबांच्या घरच्या माणसाने वर्षानुवर्षे त्याच्या कानात ओरडलेले असते. येबलीस्काट हा उच्चार चिंधाचा नाही, साहेब. तो त्या घराचा आहे.

“आणि ज्याचं नाव पुकारलं, त्याच्याऐवजी दुसऱ्याने बार काढला तर?” न्यायाधीशांनी विचारले.

“ते मी ऐकलेलं नाही. घरच्या माणसालाच विचारलेलं बरं.”

पुढचे साक्षीदार मोतीलाल आबाच होते. साक्षीदारांना आधी बाहेर ठेवतात, त्यामुळे मी काय बोललो हे आबांनी ऐकले नव्हते. रुपचंदभाऊंनी पुढची तारीख मागितली. न्यायाधीश म्हणाले, “साक्षीदार हजर आहे, बोलवा.”

आबा आले. पांढरेशुभ्र धोतर, मोठा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागे त्यांच्या भाऊकीतली दहाबारा माणसे बाकांवर बसली होती. भाऊकी अशा वेळी पाठिंबा द्यायला येते आणि मजा बघायलाही. त्यांत आबांचा चुलतभाऊ तोताराम होता. या दोघांत बांधावरून जन्माचे वैर, हे पंचक्रोशीला ठाऊक.

“बंदुकांची देखरेख कोण करतं?” रुपचंदभाऊंनी विचारले. त्यांचा आवाज खाली आला होता.

“उखर्डू करतो. साफ करणं, तेल देणं, सगळं त्याच्याकडे.”

“त्या दिवशी बंदूक त्याच्या हातात होती?”

“हो. त्याच्याच.”

“एवढंच, साहेब.”

आता न्यायाधीशांनीच विचारले, “परण्यात पुकारा झाला होता?”

“झाला ना. पुकाऱ्याशिवाय बार कसा निघेल?” आबांना प्रश्नच बाळबोध वाटला.

“पहिला पुकारा कोणाच्या नावाने?”

“गिरधरच्या. नवरदेवाचा काका तो. पहिला मान त्याचा.”

“आणि त्या पुकाऱ्यावर बार काढला उखर्डूने?”

आबांनी रुपचंदभाऊंकडे पाहिले. रुपचंदभाऊ मान हलवत होते, होकाराचीच, पण अगदी बारीक. पिंजऱ्याच्या कठड्यावर आबांची बोटे आवळली. ‘हो’ म्हणायचे होते. एका अक्षराचे काम होते आणि त्याचा उच्चार कोणालाही येतो.

मागून तोताराम, स्वतःशी बोलावे तसा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “आबा, मंग आते मान चाकरले का? बरं शे. पुढला साल फेटा बी त्यालेच बांधा.”

“शांतता!” शिपाई ओरडला. पण भाऊकी हसली होती. हे हसणे मला ओळखीचे वाटले. चिंधाला याच भिंतींत असेच हसले असतील.

आबांचा चेहरा काळवंडला. काठी कठड्यावर आपटून ते तोतारामकडे वळले आणि कोर्टाची मराठी त्यांच्या तोंडातून निखळून पडली.

“कोन चाकर? कोनी टाप शे? आमना घरनी बंदूक, मना पोऱ्यानं नाव पुकारं, आनि बार उखर्डू काढी? तीन पिढ्या व्हई गयात, आसं कधी व्हयनं नही! मी समोर हुभा व्हतू. गिरधरनीच काढा बार! त्यानाच हात व्हता!”

गिरधर आरोपीच्या जागी उभा होता; त्याने डोळे मिटले. न्यायाधीश लिहीत होते आणि लिहून झाल्यावर त्यांनी आबांना त्यांचेच वाक्य वाचून दाखवले. आबांना अजूनही कळले नव्हते. ते तोतारामकडेच बघत होते, जिंकल्यासारखे.

निकाल दिवाळीनंतर लागला. गिरधरला काही महिन्यांची सक्तमजुरी झाली, त्याच दिवशी अपील झाले, जामीनही झाला. एक रात्रसुद्धा तो आत राहिला नाही. अपिलाला किती वर्षे लागतात हे खान्देशातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. रुपचंदभाऊ व्हरांड्यात भेटले, तेव्हा म्हणाले, “सर, तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

“काय सांगायला हवं होतं?”

त्यांनी हातातले कागद बगलेत घातले. जातीचा तो शब्द शुद्ध किंवा अशुद्ध कसाही उच्चारला तरी वाईटच ऐकू आला असता, हे त्यांना कळत होते. जळगावच्या मंडळाने दुसऱ्या व्याख्यानाचे निमंत्रण मला पाठवले नाही. पिस्तुलांची नावे राहून गेली.

चिंधाने निकालाची नक्कल काढून घेतली होती. ती माझ्या हातात देऊन म्हणाला, “बठ्ठं नही. नाव शे का, तेवढं वाचा.”

मी वाचले. आरोपीचे नाव, बापाचे नाव, गाव. त्याने मला ते दोनदा वाचायला लावले. मग कागदाची घडी डाव्या हाताने घातली, उजव्याच्या उरलेल्या बोटांनी दाबली आणि लाल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. शेवंताबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “चाल, एस्टी जाई.”

पुढच्या उन्हाळ्यात मी शिंदखेड्याजवळच्या एका लग्नाला गेलो होतो. लग्न दुसऱ्याच घरचे, पण गिरधर जामिनावर मोकळा, बडा पाहुणा, बंदूक खांद्याला. परवाना काढून घेतला गेला आहे, असे लोक म्हणत होते. खांद्याला मात्र काहीतरी होते. बॅन्ड चिंधाचा होता. तो आता झांज वाजवत होता, झांजेची दोरी मनगटाला बांधून. परण्या वेशीपाशी आला आणि पुकारा झाला. ये ताणून, ली चढवून.

बॅन्ड थांबला. चाल तिथल्या तिथे तुटली, नेहमीसारखी. गिरधरने बंदूक उचलली. तेवढ्यात बॅन्डमास्तराने क्लॅरनेट तोंडापासून काढले, नळीतली थुंकी झटकली आणि ते पिशवीत घातले. ढोलवाल्याने पट्टा गळ्यातून काढला. एकेक करत सगळ्यांनी वाद्ये आवरली आणि ते रस्त्याच्या कडेने एस्टीच्या थांब्याकडे चालू लागले. यजमान मागे धावले, ओरडले, हात जोडले, पुन्हा ओरडले. कोणी वळले नाही. तासाभराने दोंडाईच्याहून दुसरा बॅन्ड आणला गेला आणि तो पुकाऱ्यावर बरोबर थांबला, बरोबर उचलला, हेही नोंदले पाहिजे.

पण त्या तासात बंदूक उचललेला गिरधर आणि घोड्यावरचा नवरदेव वेशीत उभे होते, ऊन तापत होते आणि बार काढावा की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. चिंधा चालताना झांज काखेत धरून होता. त्याने एकदा कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला, कागद आहे की नाही ते बघितले आणि पुढे गेला.